ऐक्याचे सेवक संत जोसेफ वाझ



आपल्या धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेकरिता काही लिहून द्यावे, असा आग्रह मंडळींनी केला, तेव्हा श्रीपूरचा ख्रिस्ती समाज कसा वाढत गेला याचा वृत्तांत मी लिहीन अशी बहुतेकांची समजूत झाली होती. तो वृत्तांत येथील वडीलधारी मंडळी माझ्यापेक्षा अधिक जाणतात. तो त्यांनीच सांगावा हे बरे. मी येथे एका साधुपुरुषाचे चरित्र सांगणार आहे. त्यांचे पाय श्रीपूरला कधी लागले नाहीत. तथापि हेच चरित्र का निवडले, ते वाचता वाचता तुमच्या ध्यानी येईल अशी मला उमेद आहे.

आपला गाव उसाचा आणि कारखान्याचा. अशा गावी माणसे एका दिशेने येत नाहीत. कोणाचे घराणे नगर जिल्ह्यातून आले, कोणाचे याच माळशिरस तालुक्यातले, कोणी नोकरीपायी दक्षिणेकडून आला, कोणी हंगामापुरता आला आणि राहिला. रविवारच्या मिस्सेला हे सर्व जण एका बाकावर बसतात आणि एकाच ताटातून ख्रिस्तशरीर स्वीकारतात. परंतु बाकावर शेजारी बसणारी माणसे देवळाबाहेर आल्यावर एका झाडाखाली उभी राहतातच असे नाही. यापेक्षा अधिक मी लिहीत नाही. लिहिले तर नाताळच्या आधी मलाच चार घरी जाऊन समजूत काढावी लागेल!

ज्यांचे चरित्र सांगावयाचे ते संत जोसेफ वाझ गोव्याचे. साष्टी प्रांतातील बाणावली या गावी, आईच्या माहेरी, २१ एप्रिल १६५१ रोजी त्यांचा जन्म झाला व तेथील संत योहान बाप्तिस्ताच्या देवळात त्यांना स्नानसंस्कार मिळाला. पित्याचे नाव क्रिस्तोव्हांव वाझ, मातेचे मारिया द मिरांदा. सहा अपत्यांपैकी हे तिसरे. पित्याचे गाव सांकवाळ. घराणे ब्राह्मण, धर्मनिष्ठ आणि खाऊनपिऊन सुखी. सांकवाळला पोर्तुगीज, बाणावलीला लॅटिन, नंतर गोवा शहरात येशूसंघीयांच्या विद्यालयात साहित्य आणि दोमिनिकन गुरूंपाशी तत्त्वज्ञान व ईशज्ञान, असा त्यांचा अभ्यासक्रम झाला.

१६७५ साली त्यांना उपपुरोहिताची दीक्षा मिळाली, ती कुस्तोदियु द पिन्यु या महागुरूंच्या हातून. हे महागुरू विजापूर व गोवळकोंडा या मुलखांसाठी रोमने नेमिलेले होते. आपला हा नीरा-भीमेकाठचा प्रदेश तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीच्या छायेत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे जोसेफ वाझ आपणांस अगदीच परके राहत नाहीत. पुढल्या वर्षी, १६७६ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आंतोनियु ब्रांदांव यांनी त्यांना गुरुदीक्षा दिली. दीक्षा होताच या तरुण धर्मगुरूने पायांतील जोडे काढिले आणि गरिबांप्रमाणे अनवाणी चालण्यास आरंभ केला. पुढे आयुष्यभर त्यांनी हाच क्रम ठेविला. उपदेशक आणि पापनिवेदन ऐकणारे म्हणून त्यांचा लौकिक झाला. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळाही काढली. १६७७ साली तेथील देवळात, पवित्र मरियेच्या वेदीपुढे, आपण तिचे कायमचे दास आहोत असा लेख लिहून त्यांनी सही केली.

सिलोन बेटातील कॅथलिक लोकांना कित्येक वर्षांत धर्मगुरूचे दर्शन नाही, ही बातमी गोव्यात येत होती. तेथे जाण्याची परवानगी जोसेफ यांनी मागितली. आर्चबिशप ब्रांदांव १६७८ साली निवर्तले होते आणि कारभार कॅथीड्रलच्या धर्मगुरुमंडळाकडे होता. मंडळाने विनंती ऐकून घेतली आणि सिलोनऐवजी कानडा किनाऱ्यावर जाण्याची आज्ञा दिली. १६८१ साली तेथील विभागप्रमुख धर्मगुरू म्हणून ते रवाना झाले. ज्या कामासाठी त्यांना धाडिले ते नीट समजण्यास थोडे मागे जावे लागेल. वाचकांनी कंटाळा करू नये, कारण सगळी मेख येथेच आहे.

पोर्तुगालच्या राजांनी पूर्वेचा सागरी मार्ग शोधून काढिला, तेव्हा रोमच्या परमगुरूंनी त्यांना एक अधिकार बहाल केला. नव्या मुलखांत देवळे बांधावी, धर्मगुरू धाडावे, त्यांच्या योगक्षेमाचा खर्च सोसावा, ही राजाची जबाबदारी. आणि तिच्या मोबदल्यात महागुरूपदासाठी माणसे सुचविण्याचा हक्कही राजाचाच. या व्यवस्थेस पाद्रोआदो म्हणत. आरंभी तिच्यापासून पुष्कळ हित झाले. परंतु पोर्तुगालचे बळ पुढे ओसरले. जेथे त्याची सत्ता नव्हती आणि कधी येण्याची चिन्हेही नव्हती, तेथल्या देवळांवरही हक्क त्याचाच राहिला. तेव्हा १६२२ साली परमगुरू १५ वे ग्रेगरी यांनी धर्मप्रसाराचे काम थेट रोमहून चालविण्यासाठी एक मंडळ स्थापिले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव प्रोपागांडा. हे मंडळ आपले महागुरू पाठवू लागले. लिस्बनचे म्हणणे पडले की, आमच्या हातून न गेलेला कागद आम्हांस मान्य नाही. रोमचे म्हणणे पडले की, परमगुरूंच्या आज्ञेस राजाची मुद्रा लागत नाही. दोन्हीकडे विद्वान होते, दोन्हीकडे सज्जन होते, आणि दोन्हीकडे जुने दस्तऐवज होते. भांडण लांबण्यास इतकी सामग्री पुरे होते.

कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोक बहुतेक गोव्याहूनच गेलेले, कोकणी बोलणारे. होन्नावर, बसरूर, मंगळूर येथील पोर्तुगीजांची ठाणी १६५० नंतरच्या चार-पाच वर्षांत केळदीच्या शिवप्पा नायकाने जिंकली, आणि किल्ल्यांबरोबर धर्मगुरूही गेले. लोक मात्र राहिले. त्यांचे विवाह, त्यांच्या मुलांचे स्नानसंस्कार, त्यांची मरणे, सारे वाऱ्यावर पडले. अशा वेळी, १६७५ साली, रोमने थोमास द कास्त्रो यांना परमगुरूंचे प्रतिनिधी महागुरू म्हणून त्या प्रदेशावर नेमिले. हे थिआटाइन संघाचे, मूळचे गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरचे. १६३७ साली ज्यांना रोममध्ये महागुरूची दीक्षा मिळाली, ते गोव्याचे मातेउश द कास्त्रो यांचे हे पुतणे. नेमणुकीचा कागद लिस्बनहून न आल्याने गोव्याने थोमास यांना महागुरू मानण्यास नकार दिला आणि आपले धर्मगुरू तेथे स्वतंत्रपणे धाडणे चालू ठेविले.

वाचकहो, याचा परिणाम झोपडीतल्या माणसावर काय झाला असेल ते मनात आणा. कित्येक वर्षे धर्मगुरू नाही म्हणून जो रडत होता, त्याच्या दारी आता दोन धर्मगुरू आले. एकाने सांगितले, दुसऱ्याकडे पापनिवेदन केलेस तर ते व्यर्थ. दुसऱ्यानेही तेच सांगितले. बहिष्काराची भाषा दोन्हीकडून सुरू झाली. एका भावाचे लग्न एका पक्षाच्या धर्मगुरूने लाविले आणि दुसऱ्याचे दुसऱ्याने, तर दोघांच्या बायका एकमेकींना काय म्हणत असतील हे लिहून दाखविण्याची गरज नाही. मिस्सा तीच, प्रार्थना त्याच, पवित्र मरिया तीच, परमगुरू एकच. सिद्धांतात तिळमात्र अंतर नाही. भांडण केवळ अधिकार कोणाचा, एवढ्यावर. आणि माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे देवळांतील बहुतेक भांडणे एवढ्यावरच असतात.

जोसेफ वाझ गोव्याचे पक्षकार म्हणून तेथे पोहोचले. त्यांच्या हाती नेमणूक होती, वय तिशीचे होते, पाठीशी गोव्याचे धर्मगुरुमंडळ होते. लोकांना आपल्या बाजूस ओढून घेणे त्यांना कठीण गेले नसते. अनवाणी हिंडणाऱ्या धर्मगुरूमागे लोक आपण होऊन येतात. परंतु त्यांनी निराळा मार्ग धरिला. ते थेट महागुरू कास्त्रो यांच्या भेटीस गेले. त्यांच्याशी आदराने बोलून, परमगुरूंनी दिलेले नेमणुकीचे मूळ पत्र त्यांनी पाहावयास मागितले. ते पत्र डोळ्यांनी वाचल्यावर त्यांची खात्री झाली की, या मनुष्याचा अधिकार खरा आहे, आणि ज्यांनी आपणांस येथे पाठविले त्यांचा समज अपुरा आहे.

अशा प्रसंगी बहुतेक जण काय करतात? गप्प राहतात. पत्र पाहिलेच नाही अशा आविर्भावात काम पुढे रेटतात. जोसेफ यांनी गोव्यास कळविले की, महागुरूंचा अधिकार मान्य करावा. आपल्याच वरिष्ठांना असे कळविणे किती जड जाते, हे ज्याने कधी एखाद्या वरिष्ठास नको असलेली बातमी लिहिली आहे त्यालाच कळेल. दुसरीकडे त्यांनी महागुरूंनाही गळ घातली. रोमचा अखेरचा निर्णय येईपर्यंत आपला अधिकार त्यांनी जोसेफ यांना वापरू द्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना साक्रामेंतांविषयी शंका राहणार नाही. महागुरूंनी ते मान्य केले. म्हणजे गोव्याने नेमिलेला धर्मगुरू आता रोमच्या महागुरूंच्या संमतीने काम करू लागला, आणि ज्याचे पापनिवेदन त्याने ऐकले त्याला ते व्यर्थ आहे असे म्हणण्याची सोय कोणत्याच पक्षास उरली नाही. यात कोणाचा जय झाला असे म्हणता येत नाही. कदाचित त्यामुळेच हे साधले.

मग तीन वर्षे त्यांनी तो किनारा पायी तुडविला. मंगळूरचे जपमाळेच्या मातेचे देऊळ पुन्हा उभे केले. होन्नावर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी येथे देवळे उभारली. लहान शाळा काढल्या. प्रापंचिक लोकांचे भक्तिसंघ स्थापन केले. संघांची ही गोष्ट मला विशेष वाटते. दोन पक्षांत विभागलेल्या गावात एकत्र जपमाळ म्हणण्याचे व आजाऱ्याकडे जाण्याचे काम लावून दिले, म्हणजे माणसे वाद न मिटविताही शेजारी उभी राहू लागतात. मंगळूरजवळच्या मुडिपू टेकडीविषयी त्यांच्या नावाच्या अद्भुत कथा तिकडील लोक अद्याप सांगतात आणि भाविक तेथे जातात.

१६८४ साली महागुरू कास्त्रो निवर्तले; त्याच वर्षी जोसेफही गोव्यास परतले. मूळ वाद काही मिटला नाही. तो मिटविणे एका धर्मगुरूच्या हाती नव्हतेच. पुढे दोनशे वर्षे तो चालला, आणि आपल्या मुंबई इलाख्यात तर त्याने फार कडू रूप घेतले. १७९४ पासून मुंबईतील देवळे गोव्याची आणि प्रोपागांडाची अशी वाटली गेली. १८५३ साली माहीमच्या संत मायकेलच्या देवळावरून भांडण पेटले, तेव्हा महागुरू हार्टमन यांनी देवळात स्वतःस कोंडून घेतले. बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा. शेवटी इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यास मध्ये पडावे लागले. ज्या देवळात शांतीचे चुंबन द्यावयाचे त्याचा निकाल मॅजिस्ट्रेटने करावा, ही केवढी नामुष्की! १८८६ साली रोम व पोर्तुगाल यांच्यामध्ये करार झाला, त्याच वर्षी आपला पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. तरीही या दुहेरी कारभाराचे काही धागे विसाव्या शतकापर्यंत लोंबत राहिले. हे सर्व पाहिले म्हणजे कानड्यातील त्या तीन वर्षांचे मोल कळते. मोठ्यांचे भांडण चालू असतानाच त्या तीन वर्षांत धाकट्यांची घरे पुन्हा जोडली गेली.

तरुणपणी मी एका धर्मग्रामात मदतनीस होतो. त्याचे नाव सांगत नाही. तेथील मंडळी अद्याप हयात आहेत. त्या गावी नाताळचा गव्हाणीचा देखावा कोणी उभारावा यावरून दोन आळ्यांत वितुष्ट आले आणि एका वर्षी देवळात दोन गव्हाणी झाल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. बाळ येशूच्या दोन मूर्ती. मी तरुण होतो. रागाच्या भरात उपदेशात दोन्ही पक्षांना फैलावर घेतले. परिणाम असा झाला की, पुढल्या रविवारी दोन्ही आळ्यांतील निम्मी माणसे आलीच नाहीत, आणि त्या एका गोष्टीवर तेवढे त्यांचे एकमत झाले. संत जोसेफ वाझ यांचे कानड्यातील काम तेव्हा मी वाचले असते, तर आधी एकेका घरी जाऊन बसलो असतो.

गोव्यात परतल्यावर जोसेफ यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो. त्या काळी युरोपीय संघ येथील लोकांना सहसा आपल्यात घेत नसत. काही गोमंतकीय धर्मगुरू जुन्या गोव्यात चमत्कारी खुरसाच्या देवळापाशी एकत्र राहू लागले होते. १६८५ साली जोसेफ त्यांच्यात सामील झाले, त्यांचे प्रमुख झाले, आणि संत फिलिप नेरी यांच्या ओराटरीच्या नियमांवर त्यांनी त्या मंडळीस वळण लाविले. भारतीय धर्मगुरूंचा हा पहिला संघ, असे इतिहासकार मानतात. १७०६ साली परमगुरू ११ वे क्लेमेंत यांनी त्यास मान्यता दिली.

येथे एक कडू गोष्ट लिहिल्यावाचून चरित्र खरे होणार नाही. युरोपीयांनी दार लाविले म्हणून गोमंतकीय धर्मगुरूंनी आपले घर बांधिले. परंतु त्या घरात ब्राह्मण कुळातील धर्मगुरूंनाच प्रवेश मिळे. इतर जातींच्या गोवेकरांना त्याचे दार बंदच राहिले. ज्यांना गोरेपणाच्या अभिमानाने दुखविले, त्यांनी जन्माच्या अभिमानाने दुसऱ्यास दुखवावे, हे मनुष्यस्वभावाचे केवढे कोडे आहे! हा दोष संस्थापकाचा, त्याच्या सोबत्यांचा की काळाचा, याचा निवाडा मी करीत नाही. संतांच्या तसबिरीस फुले वाहताना तसबिरीमागील भिंतीची भेग झाकू नये, एवढेच माझे म्हणणे. आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजालाही ही भेग परकी नाही. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली असे आपण म्हणतो, आणि सोयरीक जुळविताना ती कोणत्या दाराने परत येते तेही आपणांस ठाऊक असते.

स्वतः जोसेफ मात्र त्या घरात फार दिवस राहिले नाहीत. सिलोनची ओढ त्यांनी सोडिली नव्हती. १६८६ साली ते निघाले, आणि १६८७ साली तुतिकोरीनहून जहाजाने जाफन्यास उतरले. सोबत जॉन नावाचा घरचा सेवक होता. बेटाचा किनारा तेव्हा डचांच्या ताब्यात होता. कोलंबो त्यांनी पोर्तुगीजांकडून १६५६ मध्ये घेतले आणि जाफना १६५८ मध्ये. डच लोकही ख्रिस्ताचेच नाव घेणारे. परंतु ते काल्व्हिनच्या पंथाचे असल्याने त्यांनी कॅथलिक उपासनेस बंदी केली होती, धर्मगुरूंना हाकलून दिले होते, आणि धर्मगुरूस आसरा देणाऱ्यास देहान्तापर्यंत शिक्षा ठेविली होती. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाचा असा छळ करावा, ही त्या शतकाची रीतच होती. आणि न्यायाने बोलावयाचे तर जेथे कॅथलिक राजांचे राज्य होते तेथेही दुसऱ्या पंथांना सुखाने नांदू दिले जात असे, असे मला म्हणता येत नाही. गोव्यात तर इन्क्विझिशन चालू होते.

धनी आणि सेवक भिकाऱ्याच्या वेषात जाफन्याच्या रस्त्यांवर हिंडू लागले. समुद्रप्रवासात हगवणीने दोघेही जर्जर झाले होते. एका बाईने पेज आणून दिली म्हणून प्राण वाचले, असे सांगतात. ब्राह्मणाच्या घरचा मुलगा आणि त्याचा चाकर दोघेही एकाच रस्त्यावर पडले आणि एकाच वाडग्यातून पेज प्याले, हे चित्र मला त्या ओराटरीच्या बंद दारापेक्षा अधिक काळ आठवत राहते. बरे वाटल्यावर जोसेफ यांनी गळ्यात जपमाळ उघडी घातली आणि दारोदार भीक मागण्यास आरंभ केला. माळ पाहून कोणत्या घरातील डोळे चमकतात, ते पाहून कॅथलिक कोण हे ताडावयाचे, अशी युक्ती. अशा रीतीने हळूहळू ओळख पटली आणि सिल्लालै गावच्या लोकांनी त्यांना लपवून ठेविले. रात्री मिस्सा, दिवसा भिकेचा वाडगा. १६८९ च्या नाताळात डचांनी छापे घालून पुष्कळांना पकडिले. जोसेफ सापडले नाहीत, परंतु त्यांच्यासाठी लोकांनी कैद सोसली. पुढे ते डचांच्या हद्दीबाहेर, पुत्तलमला, कँडीच्या राजाच्या मुलखात गेले.

१६९२ साली ते राजधानी कँडीत पोहोचले, ते बेड्या घालूनच. राजदरबारी लानरोल नावाचा एक फ्रेंच प्रोटेस्टंट होता; हा मनुष्य पोर्तुगीजांचा हेर आहे असे त्याने राजाच्या कानी घातले. त्याचे स्वतःचे लोक फ्रान्सात कॅथलिक राजाच्या छळामुळे परागंदा झाले होते, हे वाचकांनी विसरू नये, दुखावलेल्याने दुखविले. जोसेफ यांनी कैदेत सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा थोडा सैल होताच त्यांनी तुरुंगाच्या आवारातच एक खोपटे उभारून त्याचे देऊळ केले, आणि शहरातले कॅथलिक तेथे येऊ लागले. पुढे मोठे अवर्षण पडले असता राजाच्या सांगण्यावरून त्यांनी चौकात वेदी व खुरीस मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी कथा सिलोनात घरोघर सांगतात. राजा दुसरा विमलधर्मसूर्य बौद्ध होता आणि बौद्धच राहिला. पण त्याने या कैद्यास आपल्या मुलखात मोकळेपणे हिंडण्याची व उपदेश करण्याची परवानगी दिली. ख्रिस्ती डचांनी ज्याला हुसकावले त्याला बौद्ध राजाने आसरा दिला, हे आपण नम्रपणे कबूल केले पाहिजे.

सिलोनच्या कॅथलिक समाजात दोन भाषा होत्या, तामीळ आणि सिंहली, जाती अनेक, आणि अनेक वर्षांच्या छळामुळे एका गावची मंडळी दुसऱ्या गावास अनोळखी झाली होती. शिवाय भयाने डचांच्या देवळात जाणारे आणि न जाणारे असाही भेद होता. जे भ्याले त्यांना हिणवावे की जवळ घ्यावे, हा प्रश्न छळातून निघालेल्या प्रत्येक ख्रिस्तसभेपुढे येतो. आद्य शतकांतही तो आला होता. जोसेफ यांनी कोणासही दाराबाहेर ठेविले नाही. ते दोन्ही भाषा शिकले. दोन्ही भाषांत प्रार्थना व धर्मशिक्षण तयार केले. बेटाचे भाग पाडून प्रत्येक ठिकाणी गावातीलच विश्वासू मनुष्य प्रार्थना चालविण्यास व मुलांस शिकविण्यास नेमिला. मुप्पू आणि अन्नावी अशी त्यांची नावे. आपल्याकडे नगर जिल्ह्यातील मिशनांत मास्तर लोकांनी जे केले, धर्मगुरू महिन्यातून एकदा आला तरी रोजची प्रार्थना खंडू दिली नाही, तद्वतच हे.

नऊ वर्षे ते त्या बेटावर एकटेच धर्मगुरू होते. त्यानंतर गोव्याच्या ओराटरीतून सोबती येऊ लागले. त्यांत त्यांचा भाचा जोसेफ कार्व्हाल्यु होता. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा व सधन लोक शहर सोडून गेले, आजाऱ्यांना त्यांच्याच घरच्यांनी रानात नेऊन टाकिले. मामा-भाच्यांनी रिकामी घरे रुग्णालये केली, आजाऱ्यांना अन्न भरविले, मेलेल्यांना पुरले. रोगी कोणत्या धर्माचा हे विचारिले नाही. या कामाने लोकांचा जो विश्वास बसला तो कोणत्याही उपदेशाने बसला नसता. कोचीनच्या महागुरूंनी, ज्यांच्याकडे सिलोनचा अधिकार होता, त्यांना तेथील आपले मुख्य प्रतिनिधी नेमिले होते.

१७०५ साली दिवाडीचेच याकोम गोन्साल्व्हिश येऊन मिळाले. भाषेचे काम जोसेफ यांनी त्यांच्या हाती सोपविले, आणि त्यांनी सिंहली व तामीळ दोहोंत इतकी ग्रंथरचना केली की सिंहली वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. दिवाडीचे महागुरू आणि सांकवाळचे धर्मगुरू कानड्यात दोन पक्षांचे म्हणून भेटले होते. वीस वर्षांनी दिवाडीचा दुसरा पुत्र सांकवाळच्या त्याच माणसाच्या हाताखाली कामास लागला. योगायोग असेल. मला तो सांगावासा वाटला.

अखेरच्या वर्षांत अनवाणी चालून व उपवास काढून त्यांचे शरीर खचले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेविला. वय साठीच्या आतच. गोव्यास ते परत कधी गेले नाहीत. २१ जानेवारी १९९५ रोजी परमगुरू २ रे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांना धन्य म्हणून घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरी, समुद्रकिनाऱ्यावरील मैदानात, परमगुरू फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्यापूर्वीची कित्येक वर्षे तामीळ व सिंहली लोकांच्या आपसांतील युद्धाने ते बेट होरपळून निघाले होते, आणि त्या दिवशी मैदानात दोन्ही भाषांचे लोक जमले होते. त्यांचा सण १६ जानेवारीस येतो.

कँडीच्या ज्या देवळात त्यांना पुरले ते पुढे त्याच शतकात झालेल्या छळात नष्ट झाले. त्यांची कबर नेमकी कोठे होती याचा पुढे पुष्कळांनी शोध केला. ती अद्याप सापडलेली नाही.